लिंपण बाकी

"पण जाळलं कोनी?" जनीबायने तिसऱ्यांदा विचारलं.

खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर, समाजमंदिरात मी वाचत होते. समोर जनीबाय आणि साक्षरता वर्गाच्या बाकी बायका, दाराशी दोन-तीन पुरुष. साल असेल सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. मी नवसाक्षरांसाठी पुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेत असिस्टंट एडिटर होते. छापण्याआधी आम्ही फील्ड टेस्टिंग करायचो. म्हणजे कच्चा मजकूर लोकांना वाचून दाखवायचा आणि कुठे जांभई आली, कुठे प्रश्न आला, ते मार्जिनमध्ये टिपायचं. मी इंग्लिश मीडियमची. मोठ्याने मराठी वाचताना माझा आवाज आणखी बारीक होतो.

गोष्ट परग्रहावरची होती. निळे आणि खवलेवाले यांचं युद्ध. निळ्यांनी खवलेवाल्यांची वस्ती जाळलेली.

"निळ्यांनी जाळलं," मी म्हटलं. "त्यांना वरून हुकूम होता."

"हुकूम दुसऱ्याचा. काडी कोनाच्या हातात होती?"

कोणी हसलं नाही. बायका माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होत्या. दाराशी बसलेला एक माणूस पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. मी मार्जिनमध्ये लिहिलं, 'काडी?'

शेवट वाचला. निळ्यांचा कॅप्टन म्हणतो, माफ करा. खवलेवाल्यांची म्हातारी त्याला जवळ घेते. ऑफिसात या पानावर दोघींचे डोळे भरले होते. इथे जनीबायने पदर खोचला.

"तुला रामानं पाठवलं ना?"

"कोण रामा?"

"वा गं बाय! सकाळी त्याच्या ओटीवर चहा प्यालीस, आन कोन रामा?"

चहा प्याले होते, हे खरं. एसटी लवकर पोचली, रस्त्यालगतच्या घरातून हाक आली, मी बसले. हाक मारणारा तो माणूस आता दाराशी होता, अंगठ्याने जमीन उकरणारा.

मग जनीबायनेच सांगितलं. रामा तिचा दीर. बांधावरून भांडण झालं आणि पावसाच्या तोंडावर त्याने तिचं घर पेटवलं. पंचांसमोर म्हणाला, भावकीनं सांगितलं म्हणून केलं. जनीबायने सगळा पावसाळा भावाच्या पडवीत काढला. आता पाड्यातले लोक तिच्या मागे लागले होते, मिटव एकदाचं.

"आन तू शहरातून येतेस, त्याचा चहा पितेस, आन गोष्ट काय, तर माफ कर!"

 पिशवी उचलून निघावं असं वाटलं. पण एसटीला दोन तास होते. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच मी विचारलं, "मग शेवट कसा हवा?"

ती माझ्याशी बोलली, पण दाराकडे बघून.

"ज्यानं जाळलं त्यानं कारवी तोडावी. डोक्यावर आनावी. कूड उभे करावे, चारी बाजूंचे. लिंपायचं का नाय, ते म्हातारी बघंल."

कूड म्हणजे कारवीच्या, रानातल्या एका झुडपाच्या, बारीक काठ्यांची भिंत. शेणमातीने लिंपेपर्यंत तिच्यातून वारा येतो, आणि आत कोण आहे तेही दिसतं.

रामा उठून गेला. मी खाली मान घालून शब्दन् शब्द लिहून घेतला.

जव्हारच्या एसटीडी बूथवरून आमच्या एडिटर मॅडमना फोन करून नवा शेवट सांगितला.

"एलियन्स आणि कारवी? अगं, फरगिव्हनेसचा मेसेज कुठे गेला?"

"आहे, मॅडम. लिंपायचा राहिलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे भिंती होईपर्यंत म्हातारी काही बोलणार नाही."

मॅडमनी बदल मान्य केला. चित्रकाराने मात्र कारवी बांबूसारखी काढली, ती दोनदा परत पाठवावी लागली.

दीड महिन्याने दुसऱ्या चाचणीला गेले. जनीबायच्या जळक्या जोत्यावर तीन बाजूंना कूड उभे होते. मला वाटलं, गोष्टीने काम केलं.

"तुझी गोष्ट राहू दे," ती म्हणाली. "मी चारचौघांत बोलले, ते त्याला लागलं."

"लिंपणार कधी?"

तिने एक काठी हलवून पाहिली. "चौथी भिंत होऊ दे. आदी बघते, बांधलंय कसं."

रिपोर्टमध्ये मी 'परिणाम' या रकान्यात लिहिलं, 'तीन भिंती'. मॅडमनी तिथे प्रश्नचिन्ह काढलं. मी ते तसंच राहू दिलं.

तेव्हापासून फील्डवर जाताना मी चहा थर्मासमधून नेते.