मुठीतला परमप्रसाद

लग्नाला बारा वर्षं झाली. तेव्हापासून मी दर रविवारी नवऱ्यासोबत कॅथलिक चर्चला जाते आणि उपासनेतल्या एका ठरावीक क्षणी बाकावर बसून राहते. फादर पांढरी, चकतीएवढी भाकर वर धरतात, मग सगळे रांगेने पुढे जाऊन ती तोंडात घेतात. तिला परमप्रसाद म्हणतात. नवरा जातो, सासूबाई गुडघे धरत जातात, वर्षभर चर्चचं तोंड न पाहिलेला चुलतदीरही नाताळात ऐटीत जातो. मी प्रॉटेस्टंट घरातली, म्हणून मला मिळत नाही. मी सगळ्यांच्या पर्स सांभाळते. बारा वर्षांत एकही पर्स हरवली नाही, पण हे कोणी बोलून दाखवत नाही.

मग माहेरच्या चर्चमध्ये घ्यावं, असं कोणालाही वाटेल. तिथेही बंद आहे. मी कॅथलिक वेदीसमोर लग्न लावलं म्हणून तिथल्या पंचांनी मला प्रभुभोजनातून, म्हणजे आमच्याकडच्या परमप्रसादातून, काढलं. परत घ्यायला तसे दोन्हीकडचे तयार आहेत. इकडे काही महिने शिकवणीला बसून कॅथलिक व्हायचं, तिकडे मंडळीसमोर उभं राहून 'चुकलं' म्हणायचं. नवरा केला यात चूक झाली असं मला आठवड्यातून एकदा तरी वाटतं, पण ते मी त्याला स्वयंपाकघरात सांगते. मंडळीला काय करायचं आहे?

आमच्या कुडवा गावातल्या शेजारणीला यातलं काही समजत नाही. "तुमच्या दोघाइचा देव एकच ना वं?" तिने एकदा विचारलं. मी हो म्हटलं. "मंग भांडण कायचं होऊन राहिलं?"

"जेवणाचं," मी म्हटलं. ते तिला लगेच पटलं. त्यांच्याकडे लग्नात मामेसासऱ्याला पहिल्या पंगतीत बसवलं नाही म्हणून दोन घरं आठ वर्षं बोलत नव्हती.

इतकी वर्षं निभावलं, कारण बाकावर मी एकटी नव्हते. कॅथलिकांत लहान मुलांनाही परमप्रसाद देत नाहीत. नऊ-दहा वर्षांची झाली की तयारी करवून घेतात आणि एका रविवारी थाटामाटात पहिला परमप्रसाद होतो. तोवर माझी लेक माझ्याजवळ बसायची. चपला-बूट बाहेर काढावे लागतात, त्यामुळे रांग सरकायला लागली की आम्ही दोघी लोकांच्या मोज्यांना पडलेली भोकं शोधायचो. हे प्रार्थनेत बसत नाही हे मला मान्य आहे.

यंदा तिचा दिवस ठरला. पांढरा फ्रॉक शिवायला टाकला, डोक्यावरचा फुलांचा गजरा आणला. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगते, झाला नाही. माझं लेकरू आता त्या रांगेत जाणार होतं, आणि मी तिथेच राहणार होते.

तयारी घेणाऱ्या सिस्टर फार गोड. त्या म्हणाल्या, "बच्चे मम्मी-पापा के साथ वेदी तक जाएँगे. आप दोनों हाथ छाती पर रख लेना, फादर आपको आशीर्वाद दे देंगे." असा आशीर्वाद कडेवरच्या बाळांना देतात. मी म्हटलं, मी बसते.

कार्यक्रमाला माझे बाबा येणार होते. बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि माहेरच्या चर्चमध्ये कित्येक वर्षं पंच आहेत. मी त्यांना आदल्या दिवशीच बजावलं की रांगेत जायचं नाही.

"काऊन?" बाबा म्हणाले. "मेज प्रभूचा आहे का फादरच्या बापाचा? नातीच्या पहिल्या पंगतीत आजा उपाशी बसन का?"

त्या दिवशी नेमके फादर पाहुणे होते, बाहेरगावचे. मुलांचं झालं, आईवडिलांचं झालं, मोठ्यांची रांग लागली आणि माझ्याशेजारून बाबा उठले. मी त्यांचा सदरा धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. फादर "ख्रीस्त का शरीर" म्हणाले, बाबा मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं "आमेन" म्हणाले, हातावर चकती घेतली, मूठ मिटली आणि परत येऊन माझ्याजवळ बसले. खाल्ली नाही.

यात अवमान अजिबात नव्हता. आमच्याकडे पावाच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकांवरून फिरतं. कोणी लगेच खात नाही. तुकडा हातात धरून, डोळे मिटून, शेवटच्या माणसाला मिळेपर्यंत थांबायचं, मग पाळक "घ्या, खा" म्हणतात आणि सगळे एकदम खातात. त्याआधी तोंडात टाकणारा म्हणजे हावरट. कॅथलिकांत नेमकं उलटं. फादरसमोरच तोंडात टाकायचं, हातात घेऊन चालू लागणं हा मोठा अपराध. बाबा त्यांच्या परीने उत्तम वागत होते.

सिस्टर धावतच आल्या. "अंकलजी, आपने खाया नहीं?"

"सगळ्याइले भेटू द्या ना जी," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

"आप कैथोलिक हैं?"

"ख्रिस्ती आहो."

सिस्टरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बाबा कॅथलिक असते तर 'आत्ताच्या आत्ता खा' म्हणता आलं असतं. नाही, म्हणजे खाऊ देता येत नाही. आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याची मूठ सिस्टरने भर चर्चमध्ये कशी उघडायची? त्या आमच्या बाकाच्या टोकाशी पहारा देत उभ्या राहिल्या. नवरा परत आला होता, पण त्याच्या तोंडात परमप्रसाद, त्यामुळे त्याला बोलता येईना. तो नुसते डोळे मोठे करत होता. मला हसू येत होतं आणि कुठे तोंड लपवू असंही झालं होतं.

रांग संपली. लेक येऊन बापाजवळ बसली. बाबांनी डोळे उघडले. "झालं सगळ्याइचं?"

"हाँ अंकलजी, सबका हो गया," सिस्टर काकुळतीने म्हणाल्या.

बाबांनी माझ्या मांडीवरच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "इचं कोठं झालं?"

"ये नहीं लेतीं."

का, ते बाबांनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. मला काढल्याचं पत्र माझ्याकडे अजून आहे, 'सदर भगिनीस पुढील निर्णयापर्यंत' वगैरे. खाली पंचांच्या पाच सह्या आहेत आणि पहिली सही बाबांची आहे. बारा वर्षांत आम्ही त्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. सणावारी जेवलो, आजारपणं काढली, पण ते नाही.

बाबा उठले, सगळ्यांदेखत वेदीपर्यंत चालत गेले आणि मूठ फादरसमोर उघडली. फादरांनी ती चकती स्वतः खाल्ली, प्रश्न मिटला. घरी बाबांनी मटणाला हात लावला नाही, पोट बरं नाही म्हणाले.

दोनतीन महिन्यांनी माहेरच्या चर्चचे पाळक आमच्या घरी आले. बारा वर्षांत पहिल्यांदाच. चहा झाल्यावर म्हणाले, "तुमच्या बाबाइले समजवा. ताट तेच फिरवतात, सगळ्याइले देतात अन् स्वतः घेत नाही. लोकं विचारून राहिले, पंचानं असं कोणतं पाप केलं?"

"ते काय म्हणतात?"

"काहीच नाही. ताट ठेवून देतात."

पाळकांनीच तोडगा काढला. मंडळीसमोर उभं राहायला नको, दोन ओळींचा अर्ज पुरेल. चुकलं एवढं लिहायचं, बाकी ते सांभाळून घेतील. म्हाताऱ्या बापासाठी एवढं तर कोणीही करेल. मी विचार करते म्हटलं आणि त्यांना फाटकापर्यंत पोचवून आले.

बाबा माझ्यासाठी उपाशी राहतात हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं, इतकं बरं की आत येऊन मी थोडा वेळ रडले. लेक आता रांगेत जाते आणि बाकावर माझ्याजवळ कोणी नसतं. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी माहेरच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. इकडे लोक माझे गुडघे ओलांडून जात असतात तेव्हा तिकडे बाबाही ताट तसंच ठेवून देत असतात. अर्ज मी लिहीन. एवढ्यात नाही.