बाहेरची मुंगी

साऊचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. ऊन चढलं की पिवळ्या मुंग्या चवताळतात; घरटं काढायचं ते गारव्यातच. पपनसाच्या झाडावर चढून तो पानांचं घरटं कापी, सुपात झटकी, वर तांदळाचं पीठ भुरभुरवी. पिठाने मुंग्यांचे पाय निसटत. मग एकेक मुंगी झाडून तो सुपात फक्त पांढरे कोष, अजून मुंगी न झालेली पिल्लं, ठेवी. एका घरट्याला तास जाई. मान मोडून येई.

हे कोष नव्या बागेतल्या तरुण राण्यांसाठी. राणीच्या पदरी चार-दोन कामकरी मुंग्या असतात, तेवढ्यांनी झाड किडीपासून राखलं जात नाही. परक्या घरट्यातला कोष ती आपला मानते, कारण त्याला अजून कुणाचा वास लागलेला नसतो. वाढलेली मुंगी मात्र आपला वास घेऊन येते आणि राणीला फाडते.

साऊ वाढलेल्या वयातच या घरात आला होता, कालव्यापलीकडून, तान्ही लेक दिएम कडेवर घेऊन. या घरच्या लेकीने, लुआने, त्याच्याशी लग्न केलं. दिएम त्या घराची झाली, त्यांच्या पूर्वजांपुढे अगरबत्ती लावू लागली. साऊ बावीस वर्षं मागच्या दारी जेवला. लुआ गेली तेव्हा तिला बागेतच, आईबापांच्या ओळीत पुरलं. तिच्या शेजारची जागा साऊला स्वतःसाठी हवी होती. बाग तिच्या भावाची, थोआनची. तो म्हणाला होता, तीस राण्या जगवून दाखव, मग बघू.

दहा राण्यांना कोष देऊन झाले आणि थोआनचा धीर सुटला. निवडत काय बसलास, मुंग्यांसकट घाल, असं त्याने फर्मावलं.

"दादा, मोठ्या मुंग्या राणीला मारतील."

"तूही मोठाच आलास की आमच्यात," थोआन म्हणाला. "आमची राणी गेलीच ना?"

साऊच्या हातातलं सूप काढून घेऊन थोआनने उरलेली घरटी स्वतः ओतली. दुपारपर्यंत वीस राण्यांचे तुकडे झाडांखाली पडले.

संध्याकाळी ओट्यावर निकाल लागला. "तीस म्हटलं होतं," थोआन म्हणाला. "दहा आहेत."

दिएम मामाच्या पेल्यात चहा ओतत होती. तिने मान वर केली नाही.

साऊने आणखी सहा वर्षं लोकांच्या बागांत कोष निवडले. त्या मजुरीतून त्याने कालव्यापलीकडे, भरतीला पाणी चढतं त्या काठावर, साडेतीन हात जमीन घेतली.