रियाध किती लांब?

बार्शीटाकळीच्या मोहल्ल्यात बाईमाणूस वारलं की पहिला निरोप जातो जहाँआराकडे. बायकांच्या मैयतीला आंघोळ घालायचं काम ती बावीस वर्षं करते आहे, तेही फुकट. त्यामुळे ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पाणी कोमट हवं, त्यात बोरीची पानं हवीत आणि मैयत ताटकळत ठेवायची नाही, एवढंच तिचं म्हणणं. घरात ती उर्दू बोलते. भडकली की मात्र सरळ वऱ्हाडीवर उतरते.

शेजारची म्हातारी हमीदाबी पहाटे गेली. जहाँआराने रडून घेतलं आणि पाणी तापत ठेवलं. दुपारच्या नमाजनंतर दफन ठरलं. तेवढ्यात हमीदाबीचा भाचा गुलफाम मोबाइल नाचवत आला.

"खाला, थांबा! शाकीबभाई येऊन राहिले रियाधहून. मुंबईपर्यंत फक्त चार घंटे!"

शाकीब म्हणजे म्हातारीचा एकुलता एक मुलगा. झालं, अंगणातली सगळी माणसं मोबाइलमध्ये डोकी घालून बसली. अठ्ठावीसशे किलोमीटर, चार तास, जो तो एकमेकांना वाचून दाखवू लागला. बर्फाच्या लाद्या सांगायची भाषा निघाली.

"अन् मुंबईहून अकोल्याले काय पंख लावून येते?" जहाँआराने विचारलं.

पाणी तापवायला लाकडं घेऊन आलेले शेजारचे किसनराव तेवढे शुद्धीवर होते. "विमान रात्रीचं हाये म्हन्ते," ते म्हणाले. "मंग मुंबईत उतरनं, मंग रेल्वे. उद्या संध्याकाळ धरा, बाई."

जहाँआराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड दिवसाला चार तास म्हणतात, याचा तो राग नव्हता. गेली तीन वर्षं हमीदाबी दर शुक्रवारी, मुलाचा फोन झाला की, तिच्या ओट्यावर येऊन एकच विचारायची, "रियाध किती लांब आहे गं?" कारण मुलगा म्हणायचा, अम्मी, बहुत दूर है. मोतीबिंदू काढला तेव्हा दूर होतं. खुब्याचं हाड मोडून ती अठरा दिवस अकोल्याच्या दवाखान्यात पडली, जहाँआराने तिचं हगणंमुतणं काढलं, तेव्हाही दूरच होतं. आणि जहाँआराच तिला समजावत होती, की आपा, सात समुद्रांपलीकडे आहे तो, पोरगा तरी काय करणार! त्याचं खोटं तिने स्वतःच्या तोंडाने खपवलं होतं. हे तिला सहन होईना.

शाकीबचा फोन आला तसा तिने तो गुलफामच्या हातातून ओढला.

"शाकीब, मी जहाँआरा. एकच सांग मले. तुह्या मायचं हाड मोडलं तवा बी चारच घंटे लागत होते का रे?"

"खाला, मैं..." पलीकडून आलं.

"बोल ना! जित्या मायले दूर होतं, अन् मैयतीले जवळ कसं झालं?"

तो रडू लागला. जहाँआराला जराही दया आली नाही. रडतरडतच तो म्हणाला, "खाला, दफन कर दो."

"ते तं करूनच राहिली मी," ती म्हणाली आणि फोन गुलफामला दिला. "बर्फ-गिर्फ काही नको."

आत जाऊन तिने दाराला पडदा लावला. बोरीच्या पानांच्या पाण्याने म्हातारीला सावकाश आंघोळ घातली, उरलेसुरले पांढरे केस विंचरून त्यांच्या तीन बारीक वेण्या घातल्या. कफन गुंडाळण्याआधी ती तिच्या कानाशी वाकली.

"आपा, मले माफ कर. चारच घंटे होते."