बाईसाठी काढलेलं पान

भद्रावतीच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये बायकांच्या बाजूला, खिडकीला लागून, दुसरा बाक आहे. त्यावर आमची आई बसायची. आई गेल्यावर तिच्या दोन मुली बसू लागल्या, मी आणि माझी मोठी बहीण. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. पुढे आमचं बोलणं बंद झालं, तरी बाक दोघींपैकी एकीनेही सोडला नाही. तिला उठायचं तर तिने उठावं, मी का उठू, हा आमच्या माहेरचा स्वभाव आहे. त्यामुळे सात-आठ वर्षं दर रविवारी एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन बायका दंडाला दंड लावून बसायच्या. मागच्या बाकांची चांगली करमणूक होत असणार.

भांडण हळदीवरून. माझ्या मुलीला पहिली हळद बाई लावणार, हे मुलगी जन्मली तेव्हापासून ठरलेलं. लग्नाच्या आठवड्यात बाईला सिरोंच्याला नणंदेकडे जावं लागलं. हळदीच्या दिवशी सकाळी पोचते, म्हणाली. तिची बस आलापल्लीच्या जंगलात बंद पडली, आणि तिथे मोबाईल लागत नाही. इकडे मुलगी पाटावर बसलेली, वरपक्षाची माणसं ताटकळलेली, आणि माझी नणंद हातात वाटी घेऊन तयार. मी म्हटलं, लावा. बाई आली तेव्हा मुलगी हळद धुऊन, केस पुसत बसली होती. बाईच्या पिशवीत तिने स्वतः दळलेल्या हळदीची पुडी होती.

"घडीभर वाट पाहाले नाई जमलं तुले?" एवढंच ती म्हणाली.

मी दिवसभराची दमलेली. "तू कवा येशीन याचा का भरोसा होता? पोरगी काय दिवसभर पाटावर बसून राहीन?"

तिने पुडी चुलीजवळ ठेवली आणि लग्न आटपून घरी गेली. त्यानंतर प्रश्न एवढाच उरला की आधी हाक कोणी मारायची. मोठी ती आहे, तिने मारावी, असं माझं म्हणणं. अपमान माझा झाला, धाकटीने मारावी, असं तिचं असणार. नुसतं "बाई" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ते दोन अक्षरी नाव माझ्या तोंडातून निघेना.

पण चर्चमध्ये आमचा एक व्यवहार सुरू राहिला. आमच्याकडे पाळक बायबलातल्या वचनाचा पत्ता, म्हणजे ग्रंथाचं नाव आणि अध्यायाचा आकडा, सांगतात आणि मग सगळीकडे पानांची सळसळ होते. जिला पान आधी सापडेल तिने उघडलेलं पुस्तक शेजारणीच्या मांडीवर ठेवायचं, तिचं पुस्तक आपण घ्यायचं आणि त्यात पुन्हा पान काढायचं. याला आम्ही पान काढून देणं म्हणतो. आईला वाचन हळू जमायचं, म्हणून आम्ही दोघी लहानपणी तिच्यासाठी हे करायचो. मोठेपणी एकमेकींसाठी करू लागलो. लहान संदेष्ट्यांच्या भागात, बायबलातल्या त्या बारा छोट्या ग्रंथांत, बाई हमखास हरवायची, पुढे-मागे पानं उलटत बसायची. तिथे मी काढून द्यायची. स्तोत्रं मात्र तिच्या बोटांना पाठ होती. पाळकांनी आकडा सांगून होत नाही तोच तिचं उघडं पुस्तक माझ्या मांडीवर आलेलं असायचं, आणि माझ्याकडे न पाहता तिने नाक असं वर केलेलं असायचं की मला हसू दाबावं लागे.

पान काढून देणं हे बोलण्यात मोडत नाही, असं आम्ही दोघींनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

तिच्या पुस्तकाला जुन्या सोफ्याच्या उरलेल्या रेक्झिनचं कव्हर होतं, तिनेच शिवलेलं, टाके वाकडे. त्यात सतरा वस्तू कोंबलेल्या असायच्या. एसटीची तिकिटं, नातीने काढलेला मोर, सुकलेली मोहाची फुलं. एकदा डॉक्टरची चिठ्ठी निघाली. रक्तदाबाची गोळी रोज घ्यायला सांगितली होती. बाईला रक्तदाब आहे हे मला असं कळलं. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "तिले बीपी हाय म्हन्ते." तो म्हणाला, "कोन म्हन्ते?" पुस्तक म्हणालं, असं काय सांगणार?

मग मलाही खोड सुचली. मुलीला मुलगा झाला, त्याचा फोटो मी माझ्या पुस्तकात लहान संदेष्ट्यांत ठेवून दिला. तिथे माझं पुस्तक तिच्याकडे जाणार, हे पक्कं. त्या रविवारी ती वाचन संपेपर्यंत मान खाली घालून बसली होती. पुस्तक परत आलं तेव्हा फोटो जागेवर नव्हता. घरी आल्यावर शोधला तर स्तोत्रांत सापडला, तिच्या आवडत्या एका स्तोत्रापाशी. मी तो तिथेच राहू दिला. माझा नातू तिने तिच्या मुलखात नेऊन ठेवला होता, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की त्या दिवशी भाजीत मीठच टाकलं नाही.

असं बरंच चाललं असतं. पण बाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरी पुस्तकातली बारीक अक्षरं दिसेनात. तिचा मुलगा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात आहे. त्याने तिला मोठा मोबाईल आणून दिला आणि त्यात मराठी बायबल घालून दिलं. अक्षर हवं तेवढं मोठं करता यायचं. पत्त्यावर बोट ठेवलं की पान समोर. वाचायचा कंटाळा आला तर मोबाईल स्वतः वाचून दाखवायचा. नवे पाळक तरुण होते, त्यांचीही ना नव्हती. "मोबाईल चालेल, फक्त आवाज बंद ठेवा," एवढंच ते म्हणत.

मोबाईलला शिव्या घालायला मला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर त्या यंत्राने माझ्या बहिणीला तिची अक्षरं परत दिली. पहिल्या रविवारी ती ओठ हलवत वाचत होती, एकही जागा न चुकता, आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. लहान संदेष्ट्यांचा पत्ता आला. मी सवयीने पान काढलं, पुस्तक उचललं, आणि पाहते तर ती माझ्या आधी तिथे पोचलेली. माझं पुस्तक हवेतच राहिलं. ते मी पुन्हा माझ्या मांडीवर ठेवलं.

तिने मुद्दाम केलं नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा मला राग आला. हिला आता माझी गरज नाही काय? ठीक आहे. मग मीही मुलीकडून माझ्या मोबाईलमध्ये बायबल घालून घेतलं आणि पुस्तक घरी कपाटावर ठेवून दिलं. माझे डोळे धडधाकट होते. मला मोबाईलची काही गरज नव्हती. नुसता हट्ट.

त्यानंतर बाकावर आम्ही दोघी आपापल्या उजेडात पाहत बसायचो. दंडाला दंड लागलेला असायचा, पण देणंघेणं संपलं. तिची गोळी बदलली का, नातीने मोरानंतर काय काढलं, काही कळेनासं झालं. मोबाईलमध्ये मोहाची फुलं मावत नाहीत. तिच्याकडून फक्त रोज सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर गुलाबाचं चित्र आणि त्यावर वचन यायचं. ते पन्नास जणांना जायचं. मी हात जोडल्याचं चिन्ह टाकायची. बाकीचेही तेच टाकायचे.

एकदा मात्र संधी आली होती. उन्हाळा होता, रात्रभर लाईट नव्हती, बाईचा मोबाईल चार्ज झाला नसावा. वाचन सुरू होता होता तो बंद पडला. तिने बटन दाबलं, हलवला, पदराने पुसला. मग सवयीने तिची नजर माझ्या मांडीकडे आली. तिथे पुस्तक नव्हतं. मी पटकन माझा मोबाईल उघडून, पान काढून, तिच्या हातात दिला. किती दिवसांनी! तिने डोळ्यांजवळ नेला आणि तेवढ्यात तो काळा झाला. माझ्या मोबाईलला कुलूप आहे, थोडा वेळ बोट लागलं नाही की मिटतो. तिने मला परत दिला. मी बोटाने रेघा ओढून उघडला आणि दिला. पुन्हा मिटला. या वेळी ती माझ्याकडे वळली. तिचं तोंड किंचित उघडलं होतं. "खोलून दे" म्हणायचं होतं तिला, दुसरं काय असणार. आणि मला म्हणायचं होतं, "बाई, बोट लावून ठेव." मग लोक गीतासाठी उभे राहिले. तिने मोबाईल बाकावर आम्हा दोघींच्या मध्ये पालथा ठेवला आणि तीही उभी राहिली.

पुस्तक असतं तर तिच्या हातात उघडं राहिलं असतं. हा विचार मी त्या दिवसापासून किती वेळा केला, सांगता येणार नाही.

पावसाळ्यात ती महिनाभरासाठी मुलाकडे गेली. मग एका रविवारी प्रार्थनेआधी पाळकांनी सांगितलं की आपल्या मंडळीतल्या एका भगिनीला गडचांदूरला लकवा मारला आहे, तिची वाचा गेली आहे, तिच्यासाठी प्रार्थना करू या. सख्ख्या बहिणीची बातमी मला चाळीस लोकांबरोबर कळली. भाच्याने मला फोन केला नाही, कारण मावशी बोलत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याला दोष देऊ तर कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी कपाटावरचं पुस्तक धुळीतून काढलं, चंद्रपूरची बस धरली, तिथून गडचांदूरची. गडचांदूरला झाडांच्या पानांवरही सिमेंट बसलेलं असतं. भाचेसुनेने दार उघडलं, पाणी दिलं. म्हणाली, "मावशी, आलात बरं झालं. त्यांना समजते सगळं, पन बोलता येत नाई."

बाई खाटेवर उशांना टेकून बसली होती. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला पाहिलं आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्याही आलं. वाटेत किती वाक्यं जुळवली होती, हळदीची, बसची, माझ्या चुकीची. एकही निघालं नाही. बोलायला येत नव्हतं तिला, आणि मुकी झाले मी. शेवटी जे येत होतं तेच केलं. पुस्तक उघडलं, तिचं आवडतं स्तोत्र काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. नातवाचा फोटो अजून तिथेच होता. तिने डावं बोट त्याच्यावरून फिरवलं.

मग ती अस्वस्थ झाली. डाव्या हाताने उशीखाली चाचपू लागली, अंथरुणावर, बाजूला. घशातून आवाज काढू लागली. भाचेसून धावत आली. "काय पायजे आई? मोबाईल काय?" मला कळलं होतं. मी म्हटलं, "तिले तिचं पुस्तक पायजे. मले देयासाठी." ती गोंधळली. "ते रेक्झिनवालं? ते तर मोबाईल घेतल्यावर तिकडेच कोनाले देऊन टाकलं, मावशी." आणि सासूला शांत करायला तिने मोबाईलवर बायबल लावून आवाज मोठा केला. कुणा अनोळखी पुरुषाचा स्वच्छ, गुळगुळीत आवाज खोलीभर वाचू लागला.

बाई चाचपायची थांबली. तिच्याकडे मला द्यायला काही नव्हतं. घेतलं की द्यायचं, हा तिचा आयुष्यभराचा स्वभाव. तिने डाव्या हाताने माझं पुस्तक मिटलं, कसंबसं उचललं आणि मला परत दिलं.

मी ते घेतलं आणि हाक मारली. "बाई." इतक्या वर्षांतली पहिली. मोबाईल मोठ्याने वाचतच होता आणि तिने डोळे मिटून घेतले होते. ती हाक तिला ऐकू गेली की नाही, मला अजून माहीत नाही.