उद्याची घावनं

सुटी मिळाली होती तीन दिवसांची, रविवार धरून चार. मोहोपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत त्या चार दिवसांची चर्चा आठवडाभर चालली. समुद्राकाठी जायचं हे नक्की होतं. प्रश्न होता आत्याचा. वडिलांची ही एकुलती बहीण लोधिवलीहून लग्न होऊन अलिबागच्या पुढच्या एका खेड्यात गेली आणि तिथलीच झाली. नवरा गेल्यापासून एकटी राहते. तिच्या भागात जायचं आणि तिच्याकडे राहायचं नाही, हे कसं जमवायचं?

बायकोची गैरसोय होईल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. खरं तर बायकोच म्हणाली होती, "दोन दिवस आत्यांकडे राहू की." नको म्हणणारा मीच. न्हाणीघर घरामागे, पंखा एकच, आणि आत्याची तीच तीच विचारपूस. मला म्हणे आराम हवा होता.

लहानपणी अख्खा मे महिना मी तिच्याकडे काढायचो. किती दिवस राहायचं हे तेव्हा कोणी ठरवत नसे. वडील न्यायला आले की आत्या माझी एक चप्पल लपवायची. "चप्पल गावत नाय, उद्या जा," म्हणायची, आणि वडीलही खोटंखोटं शोधत बसायचे.

या वेळी तिने फोनवर विचारलं, "किती दिस ऱ्हानार रं?"

"सुटीच नाय गं आत्या. शनिवारी सकाळी येऊ, संध्याकाळी निघू."

"बरं. तेवढं तर तेवढं."

आणि मी गुरुवारपासून तीन रात्रींचं बुकिंग केलं, तिच्या शेजारच्याच गावात, नारळाच्या वाडीतल्या खोल्यांत. गाव बदललं की झालं, असं मला वाटलं. काय ती अक्कल! चौक गावात शिंकलं तर लोधिवलीत कळतं, हे ज्याने जन्मभर पाहिलं त्याने असा विचार करावा.

शुक्रवारी सकाळी नाश्त्याला घावनं आली. जाळीदार, लुसलुशीत, मोजून बारा. मुलीने एकटीने पाच संपवली. "शेजारच्या गावातल्या एक काकू करून पाठवतात," मालकीणबाई म्हणाल्या. स्टीलच्या डब्याच्या झाकणावर माझ्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं. आत्याच्या लग्नात त्यांनी दिलेला डबा. हातातला घास मी परत ताटात ठेवला. बायकोने नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि झाकण उलटं करून ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हाच उठून जायला हवं होतं. पंधरा मिनिटांची वाट. पण घावनं कोण खातंय हे तिला कुठे माहीत असणार, अशी मनाची समजूत घालून मी वाळूत जाऊन बसलो.

शनिवारी अकराला आम्ही तिच्या दारात. "आठलाच निघालो," मी कोणी न विचारता सांगितलं. "पेणला ट्रॅफिक लागलं." चोराच्या मनात चांदणं. बायको अंगणातल्या तुळशीकडे बघत राहिली.

"दमला असशील," आत्या म्हणाली. तिने भात आणि बोंबलाचं कालवण वाढलं, दुपारी मुलीची वेणी घालून दिली. राहा असं एकदाही म्हणाली नाही. आधी मला ते सोयीचं वाटलं, मग टोचायला लागलं.

संध्याकाळी निघताना मी चपला शोधल्या. एक तरी सापडू नये, असं मनात आलं. दोन्ही उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या होत्या. मी पाय सरकवत होतो तेवढ्यात ती मागून अगदी सहज म्हणाली, "उद्या सकाळी किती घावनं पाठवू रं? बाराच, का पोरीला अजून दोन?"

माझे कान तापले. मान वर करवेना. पाया पडावं, चुकलो म्हणावं, आजची रात्र इथेच राहतो म्हणावं, सगळं मनात आलं. ते ऐकायला ती थोडा वेळ थांबलीसुद्धा. हे मला पक्कं आठवतं.

"बाराच पुरतील," मी म्हणालो.

रविवारी सकाळी डब्यात चौदा होती.