कुत्रा ट्रेलरमध्ये चढेना

"तुम्ही कॅराव्हॅनची कामं करता ना?" फोनवरच्या माणसाने विचारलं.

"करतो."

"आमचा कुत्रा आत चढेना झालाय."

मी डिचोलीत एका बागायतदाराच्या पंपाचा स्टार्टर उघडून बसलो होतो. म्हटलं, "साहेब, मी इलेक्ट्रिशियन. कुत्र्याचं जनावरांच्या डॉक्टरला विचारा."

"विचारलं की. काल म्हापशाला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, पाय ठणठणीत आहेत, तुमची गाडी तपासून घ्या."

डॉक्टरने केस माझ्याकडे ढकलली होती. दुसऱ्या दिवशी सकाळचं एक काम उरकून मी स्कूटरला हत्यारांची पिशवी अडकवली आणि पेडण्याच्या दिशेने निघालो.

मी पूर्वी खाणीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिकल फोरमन होतो. खाणी थांबल्यावर पंप, मोटारी, इन्व्हर्टर अशी कामं करू लागलो. गेली काही वर्षं त्यात कॅराव्हॅनची भर पडलीय. कॅराव्हॅन म्हणजे जीपच्या मागे जोडून ओढत न्यायची दोन चाकांची खोली. आत पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणी सगळं असतं. घराच्या वायरिंगला जे होतं ते तिलाही होतं, शिवाय रस्त्याचे धक्के बसतात ते वेगळे.

हा ट्रेलर कोरगावला उल्हास परबच्या काजूच्या बागेत उभा होता. उल्हास माझं जुनं गिऱ्हाईक. बागेत प्रवाशांच्या गाड्या उभ्या करू देतो आणि पंपाच्या खोलीतून त्यांना वीज देतो. माझा नंबर त्यानेच दिला होता.

मालक अरविंद देसूरकर. बेळगावच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामासाठी लागणारे लाकडाचे नमुने करणारे. असा माणूस केसाएवढी फट सहन करत नाही. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं अंगणात बसून त्यांनी हा ट्रेलर स्वतः उभा केला होता. आत गेलो आणि बघतच राहिलो. सागवानी खण बोटाने ढकलला की आवाज न करता बंद व्हायचा. वायरींना नंबर होते. बोर्डाच्या कव्हरवरसुद्धा लाकडाची पातळ पट्टी चढवलेली, तिच्या रेषा बाजूच्या फळीशी जुळवलेल्या.

"हे सगळं तुम्ही केलंत?"

"एकट्याने," ते म्हणाले. "ही फक्त चहा देत होती."

'ही' म्हणजे शैलजावहिनी. त्या हसल्या.

कुत्र्याचं नाव खंडू. तपकिरी, गावठी, शहाणा दिसणारा. ट्रेलरच्या दाराखाली दोन टप्प्यांची लोखंडी पायरी होती. खंडू तिच्यापासून दोन हातांवर बसला होता. वहिनींनी आतून बिस्कीट दाखवलं. त्याने शेपूट हलवली, पण जागचा हलला नाही.

"कधीपासून?"

"इथे आल्यावर दुसऱ्या दिवशीपासून," अरविंदराव म्हणाले. "सकाळी फिरून आलो की चढत नाही. ओढून आणला तर केकाटतो. संध्याकाळी कधी चढतो, कधी नाही."

मला पहिला संशय करंटचाच आला. पायरीला टेस्टर लावला. पेटला नाही. दिवे लावले, पंखा लावला, फ्रिज चालूच होता. पुन्हा टेस्टर लावला. काही नाही. बोर्डाचं कव्हर मात्र मी उघडलं नाही. ती पट्टी चरे न पाडता काढायला वेळ लागला असता, आणि इतकं देखणं काम करणाऱ्या माणसाने आत काही चुकवलं असेल असं मला वाटलंच नाही. एवढ्यात ऊन डोक्यावर आलं. पायरीला हात लावला तर चटका बसला.

"करंट वगैरे काही नाही, पायरी तापते," मी निकाल दिला. "एकदा पोळला असेल. वर गोणपाट घाला, चढेल."

वहिनींनी चहा दिला, सोबत उंडे, म्हणजे इथले कडक पाठीचे गोल पाव. कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. म्हणाल्या, "सांडेल म्हणून हो. सकाळी उजव्या हाताला मुंग्या येतात. शुगर आहे ना मला."

मी "काळजी घ्या" म्हणालो आणि निघालो.

कोलवाळचा पूल ओलांडून थिवीच्या रस्त्याला लागलो तोवर माझं मन निवांत होतं. मग एका वळणावर रस्त्यावर झाडांची दाट सावली आली. अंगाला गार लागलं आणि एकदम डोक्यात आलं, अरे, सकाळी ऊन कुठलं? ट्रेलर काजूच्या सावलीत. त्या पायरीवर ऊन येतं ते दुपारी. कुत्रा चढत नाही तो सकाळी.

मी स्कूटर बाजूला घेतली.

कुत्र्याला त्रास सकाळी. वहिनींच्या हाताला मुंग्या, त्याही सकाळी. सकाळी ट्रेलरमध्ये असं काय चालू होतं, जे दुपारी मी गेलो तेव्हा बंद होतं?

आंघोळीचा गीझर.

मी दिवे बघितले, पंखा बघितला, फ्रिज बघितला. न्हाणीतला गीझर चालू करून बघितला नव्हता.

अरविंदरावांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग उल्हासला लावला.

"गुरुदासबाब, खंय पावलंस?"

"उल्हास, आधी एक काम कर. पंपाच्या खोलीतला मेन स्विच पाड."

"आता? माडांका पाणी सोडलंय रे."

"माड मरत नाहीत. ट्रेलरमध्ये कोण आहे?"

"वैनी आसत. आज न्हाण रवलां, आता न्हावक पाणी तापवतत. साहेब कुत्र्याक घेवन फिरूक गेले."

"उल्हास, पळ. ट्रेलरला हात लावू नको. वहिनींना हाक मारू नको, त्या दारात येतील. सरळ जा आणि मेन पाड."

फोन चालूच होता. चपलांचा आवाज, त्याचा श्वास, मग दार करकरल्याचा आवाज. ती अर्धी-पाऊण मिनिटं मी रस्त्याच्या कडेला उभा होतो आणि समोरच्या कुंपणावरच्या तारा मोजत होतो. का, ते मला माहीत नाही.

"पाडलंय," उल्हास म्हणाला. "पंप थांबलो."

पाठीमागून लांबून वहिनींचा आवाज आला, "अहो, लाईट गेली का?"

तो आवाज ऐकला आणि मी स्कूटर वळवली.

पोचलो तेव्हा अरविंदराव परत आले होते. चेहऱ्यावर थोडी नाराजी होती.

"तुम्हीच तर म्हणालात, काही नाही म्हणून."

"म्हणालो. चुकलो. मी पूर्ण तपासलं नव्हतं. आता तपासू या."

खंडूला झाडाला बांधायला सांगितलं आणि सगळ्यांना लांब उभं केलं. पायरीसमोरची जमीन ओली होती, न्हाणीचं पाणी तिथेच उतरत होतं. त्या ओल्या मातीत मी एक लोखंडी सळी ठोकली. मीटरची एक वायर सळीला, दुसरी पायरीला चिमट्याने लावली. माझ्या पायात रबरी बूट होते, हातात मोजे होते. ट्रेलरमधली सगळी बटणं बंद करून, फक्त गीझरचं तेवढं चालू ठेवून बाहेर आलो आणि उल्हासला मेन चढवायला सांगितलं.

मीटर आधी जवळजवळ शून्यावर होता. दोन मिनिटांनी आकडा हलला. पाणी तापत गेलं तसा तो चढत गेला. चाळीस, नव्वद, एकशेसाठ. दोनशेच्या पुढे जाऊन थांबला.

"मीटर कधी कधी उगाच दाखवतात," अरविंदराव म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

ते खोटं नव्हतं. मीटरला भुताचे व्होल्ट दिसतात असं आम्ही वर्कशॉपमध्ये म्हणायचो, म्हणजे आकडा दिसतो पण त्यात जोर नसतो. त्यासाठी माझ्या पिशवीत साध्या होल्डरला दोन वायरी लावलेला बल्ब असतो. बल्ब भुताने पेटत नाही. मीटर काढून त्या जागी मी बल्ब जोडला.

तो पेटला. भर दुपारी, कुठल्याही बटणाला न जोडलेला, एका लोखंडी पायरीच्या आणि ओल्या मातीच्या मध्ये.

मेन पाडायला लावला आणि मी आत जाऊन बोर्डाच्या कव्हरचे स्क्रू काढायला घेतले. पट्टीला एक चरा पडला. पडू दिला.

आत ईएलसीबी होता. ईएलसीबी म्हणजे एक खटका. आत जाणारा करंट आणि परत येणारा करंट तो सतत ताडून बघतो. वाटेत थोडा जरी कुठे गळला, कुणाच्या अंगातून जमिनीत गेला, तर खटका पडतो आणि वीज तुटते. इथे खटका होता, चांगला होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरी बाहेरून सरळ एकमेकींना जोडल्या होत्या. काम अगदी व्यवस्थित होतं.

"हे तुम्ही केलं?"

"सारखा पडायचा," अरविंदराव म्हणाले. "अंगणात असताना. मला वाटलं, पीसच खराब आहे. निघायच्या आदल्या दिवशी बदलून कुठून आणायचा? म्हटलं, परत आल्यावर बघू."

"कधी पडायचा?"

त्यांनी न्हाणीच्या दाराकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा बदलला.

"गीझर लावला की."

गीझरच्या कॉइलचं कवच कुठेतरी चिरलं होतं. थंड असताना चीर मिटलेली, तापली की उघडायची आणि करंट बॉडीत उतरायचा. बेळगावला घरच्या सॉकेटला अर्थिंग चांगलं होतं. गळलेला करंट तिसऱ्या वायरीने जमिनीत जायचा आणि खटका पडायचा. इथे खटका बाद केलेला. उरली ती अर्थिंगची वायर. ती शोधत मी पंपाच्या खोलीत गेलो आणि सॉकेट उघडलं.

"उल्हास, हे बघ."

"काय आसा?"

"तिसरं भोक आहे, वायर नाही."

उल्हासने वाकून बघितलं. "इतकी वर्सां चलता मरे."

"पंप चालतो. माणूस चालेल की नाही, ते नशीब."

म्हणजे गळलेल्या करंटला जमिनीत जायला वाटच नव्हती. ट्रेलर रबरी टायरवर आणि लाकडी ठोकळ्यांवर उभा. सगळा करंट पत्र्यात साठून वाट बघत होता, की कोणीतरी ओल्या मातीत पाय ठेवून दाराची कडी धरेल. वहिनी पायात रबरी सपाता घालायच्या. म्हणून चार दिवस फक्त मुंग्यांवर भागलं होतं. खंडूला सपाता नव्हत्या.

परत आलो तर दोघं झाडाखाली खुर्च्यांवर बसली होती. अरविंदराव खाली बघत होते.

"तुला झटके बसत होते?" त्यांनी विचारलं.

"झटके नाही हो. मुंग्या. मला वाटलं, शुगर वाढली."

"मग सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही लगेच गाडी बेळगावला वळवली असती. दोन वर्षं खपलात याच्यावर. म्हटलं, शुगरच आहे, परत गेल्यावर दाखवू."

अरविंदरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग मला म्हणाले, "ओढून नेतो आजच. विकून टाकतो हा डबा."

मी काही बोलायच्या आत वहिनीच म्हणाल्या, "डबा कशाला म्हणता? त्या खटक्याने बिचाऱ्याने सांगितलं होतं की, सारखा पडून. तुम्ही ऐकलं नाहीत. आणि मी माझ्या हाताचं ऐकलं नाही. विकायचं असेल तर आपल्या दोघांना विका."

उल्हास हसला. मग अरविंदरावही हसले.

उरलेली दुपार कामात गेली. गीझर काढून बाहेर ठेवला. ईएलसीबीच्या बाहेरच्या वायरी तोडून जोडणी जशी हवी तशी केली. पंपाच्या खोलीमागे उल्हासने स्वतः खड्डा खणला. त्यात कोळसा आणि मीठ घालून अर्थिंगचा नवा पाइप उभा केला आणि तिथून वायर सॉकेटपर्यंत आणली. ईएलसीबीवर एक टेस्टचं बटण असतं. ते दाबलं की खटका पडला पाहिजे. मी अरविंदरावांना दाबायला सांगितलं. खट्. परत चढवून दाबलं. खट्. त्यांनी पाच-सहा वेळा दाबलं. मी थांबवलं नाही.

निघताना मी पुन्हा सांगितलं, "दुपारी मी 'काही नाही' म्हणून गेलो. ते म्हणायला नको होतं."

"मीही म्हणालो होतो," ते म्हणाले. "पीस खराब आहे म्हणून."

खंडू आणखी दोन दिवस बाहेरच झोपला असं उल्हासकडून कळलं. तिसऱ्या दिवशी चढला. त्याने कुणाचं प्रमाणपत्र मागितलं नाही, स्वतः खात्री करून घेतली.

दोन आठवड्यांनी दोघं बेळगावला परतताना डिचोलीत माझ्या दुकानासमोर थांबली. पुढे मयेच्या तळ्याकाठी राहून आली होती. आंघोळीचं पाणी गॅसवर पातेल्यात तापवलं म्हणाली. अरविंदरावांनी मला आत बोलावलं आणि बोर्डाचं कव्हर दाखवलं. आता त्याला बिजागरी होती, बोटाने उघडत होतं. आतल्या बाजूला फिकट लाकडाचा छोटा तुकडा बसवला होता आणि त्यावर कोरलेली, एकसारख्या उंचीची अक्षरं होती:

'हा पडला तर कारण शोधा. जोडू नका.'

मी तसाच एक तुकडा माझ्यासाठी मागितला, पण मजकूर वेगळा. महिन्याभराने तो कुरियरने आला. दुकानातल्या फोनच्या वर लावलाय. त्यावर लिहिलंय, 'काय होतं ते सगळेच सांगतात. कधी होतं ते विचार.'