कलकत्त्याला न गेलेली खोळ

यासीन गेल्याची बातमी मला दूध आणायला गेलो तिथे कळली. किटली तिथेच टाकून मी त्याच्या घरी पळालो... वय झालं होतं, दमा होता, सगळं खरं. पण हा गडी मला सांगितल्याशिवाय कुठे जात नसे. महिना उलटला तरी माझा राग गेलेला नाही.

शाहूपुरीत त्याचं शिलाईचं दुकान, घरी सतार. साथीला तबल्यावर मी. सन पंचाहत्तरच्या सुमाराला एका दुपारी मी दुकानात बसलो असताना लिनबाई आल्या. गावातल्या दातांच्या चिनी डॉक्टरांच्या पत्नी. डॉक्टर वारले आणि बाई भावाकडे कलकत्त्याला निघाल्या होत्या. चादरीत गुंडाळलेलं वाद्य त्यांनी टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "ह्याला एक खोळ शिवा की. पिपा हाय. माझ्या आईचा."

यासीननं माप घ्यायला टेप लावला आणि तिथंच तो अडकला. उभ्या चिरलेल्या पपईसारखा आकार, चार तारा, पोटावर बांबूचे पडदे. बाईंची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, त्यामुळे वाद्य कित्येक वर्षं मुकंच होतं. यासीननं सरळ खिशातली मिजराब, सतारीची तारेची नखी, बोटात चढवली, सतारीसारखा पिपा आडवा घेतला आणि छेडला. मी कपाळावर हात मारला. बाई मात्र हसता हसता रडायला लागल्या. "पार पूर्वी असंच वाजवत व्हते. घोड्यावर बसून, आडवा धरून, लाकडाच्या पट्टीनं. वाळवंटातनं आमच्याकडं आला. मग मागनं उभा धराय लागले, बोटांनी." मग त्या म्हणाल्या, "कलकत्त्यात ह्याला कोण हाय? मी जायच्या आत वाजवलासा, तर हितंच ऱ्हाऊ दे."

झालं, यासीन पेटला. "पी म्हंजे बोट भाईर, पा म्हंजे अंगठा आत," बाई शिकवत. सतारीचा मुख्य आघात आत, इथं सगळं उलटं. तर्जनीपासून करंगळीपर्यंत बोटं एकामागून एक बाहेर फेकायची, अंगठा शेवटी आत. आघात असे सारखे की सूर कुठे तुटू नये. यासीनचा अंगठा मधेच घुसायचा. मग तो टेबलावर बोटं फिरवी, जेवणाच्या ताटावर, झोपेत बायकोच्या, जुबेदाभाभींच्या, दंडावर. एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "मास्तर, माप घेताय का तबला वाजवताय?" इकडे हिरव्या मखमलीची खोळ मात्र शिवून तयार होती.

बाई निघायच्या आदल्या सकाळी तो सूर आला. पाण्याच्या धारेसारखा, अखंड. मी ठेका द्यायचाच विसरलो! बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी गाडीत बसल्या.

परवा भाभींना भेटायला गेलो. त्याच खोळीतला पिपा त्यांनी कपाटावरून काढून मांडीवर घेतला. "आता ह्येचं काय करायचं, भाऊजी? कुणाला येतंय वाजवाय?" बोलता बोलता त्यांची बोटं मखमलीवर फिरत होती. त्यांना पत्ताच नव्हता. तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी... आणि अंगठा शेवटी.

"भाभी," मी म्हटलं, "खोळ काढा."